मेनोर्का : किनारा निवडावा वारा पाहून

स्पेनच्या बालेआरिक बेटांमधलं मेनोर्का हे सगळ्यांत पूर्वेकडचं बेट. क्षेत्रफळ साधारण 700 चौरस किलोमीटर, सगळ्यांत उंच डोंगर 358 मीटरचा, आणि भोवताली लहानमोठ्या पुळणींची दाट रांग. तिथे जाणारा प्रवासी बहुधा निघण्याआधीच चार-पाच नावं पक्की करून ठेवतो : माकारेया, तुर्केता, मित्जाना. छायाचित्रांत या जागा खरोखरच अप्रतिम दिसतात आणि छायाचित्रं खोटं बोलत नाहीत. पण ती एका विशिष्ट दिवसाची असतात, आणि मेनोर्कातला किनारा दिवसागणिक बदलतो. म्हणून या बेटावर ‘सर्वांत सुंदर किनारा कोणता’ हा प्रश्नच चुकीचा आहे असं मला वाटतं. विचारायचं ते एवढंच, की आज वारा कुठून आहे?

कोकणातल्या माणसाला किनाऱ्यावर जाण्याआधी भरती-ओहोटी विचारायची सवय असते. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं, त्यामुळे ती सवय शहाणपणाचीच. मेनोर्कात मात्र तिचा उपयोग नाही. भूमध्य समुद्राचं तोंड जिब्राल्टरपाशी इतकं अरुंद आहे, की महासागराची भरती आत फारशी पोचतच नाही. या बेटाभोवती पाणी जेमतेम वीतभर हलतं. पाणी सकाळ-संध्याकाळ जवळपास त्याच रेषेवर असतं, आणि ते शांत राहणार की खवळणार हे ठरवतो तो वारा. त्यातला मुख्य म्हणजे उत्तरेचा त्रामुंताना. फ्रान्सच्या दक्षिणेकडून मोकळ्या समुद्रावरून तो येतो आणि बेटाच्या उत्तर बाजूवर थेट आदळतो. उत्तरेकडची रानटी ऑलिव्हची झाडं दक्षिणेकडे कायमची वाकलेली दिसतात, ती यामुळेच. त्रामुंताना सुटला की उत्तरेकडच्या कावालेरियाला लाटा फुटत असतात आणि त्याच वेळी दक्षिणेकडच्या मित्जानात पाणी तळ दिसेल इतकं निवळ असतं. दक्षिणेचा वारा सुटला की हे चित्र नेमकं उलटं होतं.

या दोन बाजू नुसत्या दिशेने वेगळ्या नाहीत. पूर्वेकडच्या माओ बंदरापासून वायव्येच्या दिशेने बेटाला तिरकी छेदणारी एक रेघ मनात ओढली, तर तिच्या अलीकडे-पलीकडे जमीनच बदलते. उत्तरेचे खडक फार जुने, काही 40 कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांत गडद पाटीचे दगड आहेत, तांबडे वालुकाश्म आहेत. किनारा दातेरी, झाडी खुरटी आणि वाळू तांबूस. प्रेगोंदाच्या पुळणीसमोर समुद्रात उभे असलेले खडक याच कुळातले. दक्षिण बाजू त्या मानाने तरुण चुनखडीची. पावसाच्या पाण्याने त्या मऊ दगडात खोल घळी कोरल्या आणि कित्येक घळींच्या तोंडाशी पांढऱ्या वाळूची एकेक पुळण साठली. गालदाना, माकारेया, मित्जाना या अशाच घडल्या. कड्यांच्या कुशीत, पाइनच्या झाडांत लपलेल्या या जागांना उत्तरवाऱ्यापासून आडोसा मिळतो तो त्यांच्या घडणीतूनच. म्हणजे वारा पाहून किनारा निवडणारा माणूस नकळत भूगर्भशास्त्रावरच विसंबत असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चार दिवसांसाठी इतक्या लांब गेलेल्या माणसाने रोज सकाळी वाऱ्याची दिशा पाहून बेत बदलत बसायचं का? बदलावा, कारण इथे तो बदलणं स्वस्त पडतं. उत्तर आणि दक्षिण किनाऱ्यांमधलं सरळ अंतर बहुतेक ठिकाणी 20 किलोमीटरच्या आतलं आहे. शिवाय 1988च्या किनारा कायद्यानुसार स्पेनमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालकीचा आहे, त्यामुळे आपण कुठल्या हॉटेलात उतरलो यावर कुठे पोहायचं हे ठरत नाही. किनाऱ्यालगत बेटाला वळसा घालणारी 185 किलोमीटरची कामी दे कावाल्स ही पायवाटही सर्वांना खुली आहे. पूर्वी पहाऱ्याच्या घोडेस्वारांसाठी असलेली ही वाट पुढे खासगी जमिनींच्या फाटकांमागे अडली होती. लोकांनी ती मागितली, आणि 2000 साली बालेआरिक संसदेने त्यासाठी खास कायदा केला. बिनिमेलाच्या पुळणीपासून प्रेगोंदाला या वाटेने अर्ध्या तासात पायी जाता येतं.

दुसरी तक्रार अधिक वेळा ऐकू येते आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते : काही पुळणींवर तपकिरी, कुजकट वासाच्या पात्यांचे ढीग असतात, असा किनारा कशाला निवडायचा? ही पाती पोसिडोनियाची. ते शेवाळ नव्हे, मुळं-फुलं असलेली आणि फक्त भूमध्य समुद्रात वाढणारी वनस्पती आहे. पाणी इतकं नितळ राहतं त्यात तिच्या कुरणांचा मोठा वाटा आहे. त्या कुरणांत राहणाऱ्या जीवांच्या शिंपल्या-कवचांचा चुरा होऊन दक्षिणेकडची बरीचशी पांढरी वाळू तयार होते. किनाऱ्यावर साचलेले ढीग हिवाळ्यातल्या लाटांचा मार झेलतात. यंत्राने ते उचलले की सोबत वाळूही जाते. ही वनस्पती वर्षाला काही सेंटीमीटरच पसरते, म्हणून एका नांगराने उपटलेला तुकडा भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. 2018 साली बालेआरिक सरकारने तिच्यावर नांगर टाकायला बंदी केली ती याचसाठी. वास नकोसा वाटणं स्वाभाविक आहे, आणि त्या दिवशी पलीकडच्या पुळणीवर जाणंही योग्यच. पण ज्या किनाऱ्यावर ही पाती दिसतात तो घाणेरडा म्हणून यादीतून खोडणं हा अन्याय आहे.

आता लहान मुलं, म्हातारी माणसं, चालायला त्रास होणारे लोक. त्यांच्यासाठी वाऱ्याइतकीच वाटही महत्त्वाची, हे मान्य करायला हवं. प्रेगोंदा त्यांच्यासाठी नाही. अशांनी दक्षिणेला अडीच किलोमीटर लांबीची सोन बोउ पाहावी, किंवा गालदाना. दोन्हीकडे वस्ती अगदी किनाऱ्याला लागून आहे. पूर्वेकडच्या एस ग्राउला पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ आहे, मागेच पाणपक्ष्यांची मोठी खारी पाणथळ आहे, आणि 1993 साली युनेस्कोने मेनोर्काला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला तेव्हा ही पाणथळ त्या क्षेत्राच्या गाभ्याशी होती. छायाचित्रांच्या यादीत एस ग्राउ क्वचितच असतं. पोहायला शिकणाऱ्या मुलासाठी मी मात्र माकारेयाच्या आधी त्याचंच नाव घेईन.

आणि माकारेया? तिथे जरूर जावं. भर उन्हाळ्यात तिकडचा रस्ता खासगी गाड्यांना बंद असतो, सिउतादेया शहरातून बसने किंवा पायी जावं लागतं, तरीही गर्दी असते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ती ओसरते. उन्हाळाभर तापलेला समुद्र तेव्हाही पोहण्याजोगा कोमट असतो, आणि उत्तरेचा वारा सुटलेला असेल तर दक्षिणेच्या या पुळणीसाठी तोच दिवस धरावा.