त्वचेंतील ज्ञानतंतूंचीं टोकें

मागावर तुटलेला धागा शोधतांना आमच्या सोलापुरांतील विणकर डोळ्यांइतकीच बोटांवरही भिस्त ठेवितो. हें सामर्थ्य बोटांच्या अग्रांत कोठून येतें, तें येथें पाहूं.

त्वचेंतील ज्ञानतंतूंचीं टोकें एकाच घडणीचीं नसतात. बाह्यत्वचेच्या लगत खालीं माइसनर ह्यांनीं १८५२ सालीं वर्णिलेले लांबट कण असतात. हलका स्पर्श व बोटाखालून सरकणारा धागा त्यांस कळतो. स्थिर दाब मर्केल ह्यांच्या तबकड्या ओळखतात. सर्वांत नवलाचा कण मात्र खोलवर असतो. इटलींतील फिलिप्पो पाचीनी ह्यांस तो १८३१ सालीं, विद्यार्थिदशेंतच, हाताचें विच्छेदन करितांना दिसला. (आमच्या विद्यार्थी वाचकांनीं हें ध्यानांत घ्यावें!) त्याची लांबी सुमारें १ मिलिमीटर, कांद्याप्रमाणें पापुद्र्यावर पापुद्रा, आणि गाभ्यांत तंतूचें उघडें टोक. स्थिर दाब हे पापुद्रे सरकून जिरवून टाकितात. आंत पोंचते ती थरथर. चालू यंत्रमागाची धडधड हातास जाणवते ती ह्यांच्यामुळें.

वेदना व दाह जाणणाऱ्या टोकांस असें कवच नाहीं. १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या टोकांवरील एक द्वार शोधून काढिलें. तें सुमारें ४३ अंश उष्णतेनें उघडतें, आणि मिरचीच्या तिखटानेंही! शेंगांच्या चटणीनें तोंड भाजलें, असें आपण म्हणतों तें केवळ अलंकारिक नव्हे. ह्या शोधाबद्दल ज्युलियस हे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले.

कर्कटकाचीं दोन टोकें हळूच टेकवून पाहावीं. बोटाच्या अग्रावर २-३ मिलिमीटर अंतरही ओळखूं येतें; पाठीवर सुमारें ४ सेंटिमीटर अंतर असल्याशिवाय दोन टोकें एकच वाटतात.

हीं टोकें मुकीं झालीं तर काय होतें, हें कुष्ठरोगांत दिसतें. हॅन्सन ह्यांनीं १८७३ सालीं ओळखिलेले जंतु त्वचेंतील व थंड अवयवांतील ज्ञानतंतूंत शिरतात. मग तव्याचा चटका लागत नाहीं, कांटा रुततो तो कळत नाहीं, जखम चिघळते. बोटें आपोआप झडतात ही समजूत खोटी आहे. तीं झिजतात तीं मुख्यत्वें अशा दुर्लक्षित जखमांनीं. १९८१ पासून बहुविध औषधांच्या उपचारानें रोग पूर्ण बरा करितां येतो, व सरकारी दवाखान्यांत तीं औषधें विनामूल्य मिळतात. परंतु पार नष्ट झालेली संवेदना औषधानें बहुधा परत येत नाहीं. म्हणून अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसल्यास डोळे मिटून त्यावर कापसाचें टोंक फिरवावें, आणि स्पर्श न कळल्यास त्याच आठवड्यांत दवाखाना गांठावा.