आस्था आणि न्याय : म्हैसूरची साक्ष
(लेखांक पाचवा)

मागील लेखांकात आपण लॉरेन्स कोलबर्ग यांनी मांडलेल्या नीतिविकासाच्या सहा पायऱ्या पाहिल्या. शिक्षेच्या भयापासून निघालेले मूल आप्तेष्टांच्या पसंतीचा आणि पुढे कायदेकानूंचा टप्पा ओलांडून अखेर सार्वत्रिक न्यायतत्त्वापाशी पोहोचते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र हे प्रतिपादन ज्या मूळ मुलाखतींवर उभे राहिले त्या साऱ्या शिकागो परिसरातील मुलग्यांच्या होत्या, आणि नेमके यावरच कॅरोल गिलिगन यांनी १९८२ सालच्या ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ या ग्रंथात बोट ठेवले. मरणोन्मुख पत्नीसाठी न परवडणारे औषध चोरावे काय, या प्रश्नावर अकरा वर्षांच्या जेकने प्राण मालमत्तेहून श्रेष्ठ असा निवाडा देऊन टाकला. त्याच वयाची एमी मात्र, नवरा तुरुंगात गेला तर आजारी बाईचे कोण पाहील, या विवंचनेत राहिली, आणि कोलबर्ग यांच्या मोजमापात ती खालच्या पायरीवर गेली.

हा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो; परंतु त्यावरून न्याय पुरुषांचा आणि आस्था स्त्रियांची अशी जी वाटणी पुढे रूढ झाली, तिला पुराव्याचे बळ थोडे आहे. २००० साली जॅफी आणि हाइड यांनी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पडताळले, तेव्हा स्त्रीपुरुषांतील अंतर अल्पच निघाले.

याहून विचार करावयास लावणारी साक्ष आम्हां बंगळूरकरांच्या शेजारी, म्हैसूर शहरी, नोंदली गेली आहे. जोन मिलर आणि डेव्हिड बर्सॉफ यांनी तेथील व अमेरिकेतील न्यू हेवन येथील शाळकरी मुलांपुढे आणि प्रौढांपुढे काही पेच ठेवले, व १९९२ साली त्यांचे फलित प्रसिद्ध केले. त्यांतील एक पेच असा : जिवलग मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या घेऊन निघालेल्या माणसाचे पाकीट स्थानकावर चोरीस जाते, उसने पैसे कोणी देत नाही, शेजारच्या सुखवस्तू गृहस्थाच्या कोटातून मात्र रेल्वेचे तिकीट डोकावत असते, आणि तो गृहस्थ क्षणभर दूर गेलेला असतो. अमेरिकेत बहुतेकांनी तिकिटाला हात लावू नये असे सांगितले, तर म्हैसुरात बहुतेकांनी ते घेऊन मित्राचे कार्य पार पाडावे असा कौल दिला. मित्राला दिलेला शब्द पाळणे ही अमेरिकन उत्तरदात्यांना ज्याच्या त्याच्या मर्जीची बाब वाटे. म्हैसूरच्या लोकांना ते टाळता न येणारे कर्तव्य वाटे. आस्था ही केवळ हळवी वृत्ती असून कर्तव्याचे बळ फक्त न्यायाला असते, हे गृहीतच या कौलाने निकालात काढले, असे माझे मत आहे.

तथापि मला येथे त्या तिकिटाच्या मालकाची चिंता वाटते. तो सुखवस्तू असेल. पण तो कोणाचाच मित्र नव्हे, आणि आप्तांपुरती राहिलेली आस्था नेहमी अशाच परक्या माणसाच्या खिशाला हात घालते. नोकरीनिमित्त बंगळुरी येऊन राहिलेल्या आणि आईवडील सांगलीस वा बेळगावास ठेवून आलेल्या मराठी कुटुंबांना घरच्या ओढीची थोरवी कोणी शिकवावयास नको. पण त्याच कुटुंबात घरकाम करणाऱ्या बाईने मूल आजारी म्हणून रजा मागितली तर पगार कापला जातो, तेव्हा ती ओढ कोठे जाते? नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री आपल्याला वंद्य आहेत, ते न्यायाने सत्तेची आणि नात्याची भीड धरली नाही म्हणून. आस्थेलाही अशीच भीड सोडता येते, हे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी दाखविले. अर्भकहत्येबद्दल एका ब्राह्मण विधवेला सरकारने अंदमानची जन्मठेप दिली. कायद्याचे काम तेथे संपले, पण त्या दांपत्याने १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडून, नात्यागोत्याच्या नसलेल्या विधवांच्या बाळंतपणाची तजवीज केली. एवढेच नव्हे, तर अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले. ही आस्था कोणत्याही मोजपट्टीवर न्यायाच्या खालची ठरविणे मला मान्य नाही.

पुढील लेखांकापूर्वी वाचकांनी तिकिटाचा हा पेच आपल्या घरातील मुलामुलींपुढे अवश्य ठेवावा. उत्तर होय आले की नाही याला फार महत्त्व देऊ नये. त्या अनोळखी गृहस्थाची बाजू कोणी आपण होऊन मांडते काय, एवढे मात्र लक्षपूर्वक ऐकावे.