कॅसेटमधली भीमगीते जपताना बिटरेट किती ठेवावा?

ढोकी-तेर भागात ज्यांच्या घरी शाहिरांच्या जुन्या कॅसेट आहेत, त्यांनी मूळ प्रत एमपी३ मध्ये करू नये. एमपी३ आवाजातला जो भाग टाकून देतो, तो नंतर परत मिळत नाही. आणि कॅसेट तर झिजतच चालली आहे. मूळ प्रत वेव्हमध्ये (स्टिरिओला तासाला सुमारे ६३५ एमबी) किंवा जागा कमी असेल तर फ्लॅकमध्ये ठेवा.

शेअर करायला त्यावरून वेगळी प्रत काढा. गाण्याला १९२ केबीपीएस, म्हणजे तासाला ८६ एमबी. धम्मदेसनेला मोनो ६४ पुरे, २९ एमबीत तास बसतो. ढोलकी मात्र ६४ वर बोथट होते.

जयंती मिरवणुकीचा १०८०चा व्हिडिओ यूट्यूबला ८ एमबीपीएसने चढवा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर तो पुन्हा कॉम्प्रेस होतो.