जोझे रामिरेझ बॅरेटो

जोझे रामिरेझ बॅरेटो (जन्म : ९ सप्टेंबर, इ.स. १९७६, पोर्तो अलेग्री, ब्राझील) हा ब्राझीलचा माजी फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहे. आघाडीपटू म्हणून त्याची बहुतांश व्यावसायिक कारकीर्द भारतात घडली. कोलकात्याच्या मोहन बागान संघाकडून तो दोन कालखंडांत खेळला. या दोहोंच्या मधल्या काळात, २००५-०६ च्या हंगामात, तो मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघात होता. त्या हंगामात महिंद्र युनायटेडने राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले. ही लीग जिंकणारा तो महाराष्ट्रातील एकमेव संघ ठरला. निवृत्तीनंतर बॅरेटोने ठाणे जिल्ह्यातील घणसोली (नवी मुंबई) येथील निवासी फुटबॉल अकादमीत प्रशिक्षक म्हणून काम केले.

पार्श्वभूमी

भारतात राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा इ.स. १९९६ मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये तिची जागा आय-लीगने घेतली. प्रत्येक संघाला मोजकेच परदेशी खेळाडू घेता येत असल्याने बहुतेक संघ या जागा आघाडीच्या फळीसाठी राखून ठेवत. पहिल्या दोन हंगामांत सर्वाधिक गोल करण्याचा मान अनुक्रमे बायचुंग भुतिया व रामन विजयन या भारतीयांना मिळाला. मात्र १९९८-९९ पासून लीगच्या अखेरच्या हंगामापर्यंत हा मान सातत्याने घाना, उझबेकिस्तान, ब्राझील व नायजेरिया या देशांच्या खेळाडूंकडे गेला. परदेशी आघाडीपटूंमुळे सामन्यांचा दर्जा उंचावला, परंतु भारतीय आघाडीपटूंना मोक्याच्या जागी खेळण्याची संधी कमी मिळू लागली. बॅरेटोच्या कारकिर्दीचा विचार या दोन्ही बाजू लक्षात घेऊन करावा लागतो.

मोहन बागान : पहिला कालखंड

बॅरेटो १९९९ मध्ये मोहन बागानमध्ये दाखल झाला. पहिल्याच हंगामात (१९९९-२०००) संघाने राष्ट्रीय लीग जिंकली. २०००-०१ मध्ये विजेतेपद कट्टर प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालकडे गेले, तरी १४ गोलांसह बॅरेटो लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. २००१-०२ मध्ये मोहन बागानने पुन्हा लीग जिंकली. २००१ चा फेडरेशन चषकही संघाने मिळवला.

केवळ गोलजाळ्यासमोर थांबून चेंडूची वाट पाहणारा खेळाडू अशी त्याची ओळख नव्हती. मधल्या फळीपर्यंत मागे येऊन चेंडू ताब्यात घेणे आणि सहकाऱ्यांसाठी संधी निर्माण करणे ही त्याच्या खेळाची वैशिष्ट्ये होती. संघाच्या हिरव्या-मरून पोशाखावरून पाठीराख्यांनी त्याला 'सबुज तोता' (हिरवा पोपट) हे टोपणनाव दिले. २००४ मध्ये त्याने मोहन बागान सोडले व काही काळ तो मलेशियातील पेनांग संघाकडून खेळला.

महिंद्र युनायटेड

मुंबईच्या फुटबॉलला कंपन्यांच्या संघांची जुनी परंपरा आहे. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स अशा संघांप्रमाणेच महिंद्र अँड महिंद्र या उद्योगसमूहाचा संघही याच परंपरेतला होता. कुलाबा परिसरातील कूपरेज हे त्याचे घरचे मैदान होते. समूहाच्या वाहनांवरून या संघाला 'जीपमेन' असेही म्हणत.

२००५-०६ मध्ये गोव्याचा माजी बचावपटू डेरिक परेरा संघाचा प्रशिक्षक होता. आघाडीला बॅरेटोसोबत घानाचा युसुफ याकुबू होता. यापूर्वी गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळताना याकुबूने २००१-०२ व २००२-०३ या सलग दोन हंगामांत लीगमधील सर्वाधिक गोल केले होते. काही वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध खेळलेले हे दोघे आता एकाच संघात आले. उजव्या बगलेवर मुंबईचा स्टीव्हन डायस होता. महिंद्र युनायटेडने २००५ चा फेडरेशन चषक आणि त्यापाठोपाठ राष्ट्रीय लीग जिंकली. त्या लीगमध्ये ईस्ट बंगाल दुसऱ्या, तर मोहन बागान तिसऱ्या स्थानावर राहिले.

हे यश फार काळ टिकले नाही. २००९-१० च्या हंगामानंतर उद्योगसमूहाने संघ बरखास्त केला. गावाशी वा पाठीराख्यांच्या सभासदत्वाशी न जोडलेला कंपनीचा संघ व्यवस्थापनाच्या एका निर्णयाने संपू शकतो, हे यातून दिसून आले.

मोहन बागान : दुसरा कालखंड व निवृत्ती

२००६ मध्ये बॅरेटो मोहन बागानमध्ये परतला. या कालखंडात संघाने २००६ व २००८ चे फेडरेशन चषक जिंकले. २००८-०९ च्या आय-लीगमध्ये मात्र संघाला चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. मे २०१२ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर पुणे एफसीविरुद्ध तो मोहन बागानकडून अखेरचा सामना खेळला. दोन्ही कालखंड मिळून या संघासाठी त्याने दोनशेहून अधिक गोल केले. त्यानंतर तो कोलकात्याच्याच भवानीपूर संघाकडून खेळला.

समकालीन ब्राझिलियन खेळाडू

त्याच काळात भारतात आलेल्या क्रिस्तियानो ज्युनियरची कारकीर्द मात्र अकाली संपली. २००३-०४ मध्ये ईस्ट बंगालकडून १५ गोल करून तो लीगमध्ये अव्वल ठरला व पुढील हंगामात गोव्याच्या डेम्पो संघात गेला. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरू येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली व त्यातच त्याचा मृत्यू झाला. डेम्पोने सामना २-० असा जिंकला आणि त्याचा १० क्रमांकाचा पोशाख कायमचा निवृत्त केला. या घटनेनंतर मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेवर मोठी टीका झाली.

प्रशिक्षक

निवृत्तीनंतर बॅरेटोने घणसोली येथील 'रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स' या अकादमीत मुलांना प्रशिक्षण दिले. देशाच्या विविध राज्यांतून निवडलेल्या मुलांना तेथे शिष्यवृत्तीवर निवास, शालेय शिक्षण व फुटबॉलचे प्रशिक्षण मिळते. मुहम्मद नेमिल (एफसी गोवा) व आयुष छिकारा (मुंबई सिटी एफसी) हे या अकादमीतून पुढे आलेले आघाडीच्या फळीतील खेळाडू आहेत. एकेकाळी भारतीय संघांत परदेशी खेळाडूंसाठी राखली जाणारी हीच जागा होती.

संघ

* १९९९–२००४ : मोहन बागान
* २००४–२००५ : पेनांग (मलेशिया)
* २००५–२००६ : महिंद्र युनायटेड
* २००६–२०१२ : मोहन बागान
* २०१२ पासून निवृत्तीपर्यंत : भवानीपूर