घर हीच व्यायामशाळा

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव. काही दशकांपूर्वी मराठवाड्यातील अशा गावांमध्ये दिवस जात्याच्या घरघरीने उजाडत असे. दळण, कांडण, आडाचे पाणी शेंदणे, अंगण सारवणे या कामांत व्यायाम हा शब्दही न उच्चारता शरीर दिवसभर हलत राही. पुढे गिरणी, मिक्सर, नळ आणि दुचाकी आली. त्यामुळे कष्ट वाचले, विशेषतः स्त्रियांचे, आणि ते योग्यच झाले. मात्र कष्टांबरोबर हालचालही गेली आणि तिची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही. ढोकीसारख्या गावांतून पुण्या-मुंबईच्या सदनिकांत आलेल्या कुटुंबांना तर ही उणीव अधिकच जाणवायला हवी.

‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करीत नव्हते. त्यांत स्त्रियांचे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांचे ४२ टक्के होते. घरकामात दिवसभर गुंतलेली गृहिणीही या आकड्यात असू शकते, कारण आजचे बरेचसे घरकाम एका जागी उभे राहून किंवा बसून होते.

‘मी तर सडपातळ आहे, मला काय होणार?’ हा समजही तपासून पाहिला पाहिजे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच उदाहरण जगापुढे ठेवले. उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही सारखाच, सुमारे २२ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१ टक्के होते. भारतीय माणूस बाहेरून कृश दिसूनही आतून मेदयुक्त असू शकतो आणि मधुमेह त्याला तुलनेने कमी वजनातच गाठतो.

हालचालीने नेमके काय साधते? मांड्या, नितंब आणि पोटऱ्या यांचे स्नायू शरीरातील सर्वांत मोठे आहेत. ते आकुंचन पावतात तेव्हा रक्तातील साखर ओढून घेतात आणि त्या वेळी त्यांना इन्सुलिनवर सर्वस्वी अवलंबून राहावे लागत नाही. म्हणूनच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्यास साखरेची उसळी कमी होते. नियमित हालचालीने रक्तदाबही आटोक्यात राहण्यास मदत होते. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांवरील डॉ. जेरी मॉरिस यांचा अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला होता.

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी हा व्यायाम सलग किमान दहा मिनिटांचा असावा, अशी अट होती. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ती राहिली नाही. घरात अडकलेल्या माणसासाठी हा बदल मोलाचा आहे, कारण जिन्याची दोन मिनिटेही आता हिशेबात धरता येतात.

घरच्या घरी व्यायाम हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले आणि स्त्रियांनीही ते घालावेत, असा आग्रह धरला. या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सतरंजीएवढी जागा पुरते आणि साधन एकही लागत नाही, हे त्यांचे म्हणणे आजच्या दोन खोल्यांच्या घरालाही लागू पडते. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर उन्हात फिरण्यापेक्षा घरातील व्यायामच श्रेयस्कर.

आरंभ साधा असावा. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे. फोन आला की उभे राहून बोलावे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. भिंतीला हात टेकवून जोर काढावेत. लादी बसून पुसता आली तर उत्तमच; गुडघे दुखत असल्यास मात्र तो हट्ट नको. वयस्कांनी ओट्याचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा, त्याने तोल सुधारतो आणि पडण्याचा धोका कमी होतो.

हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाब अनियंत्रित असलेल्यांनी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यायाम करताना छातीत दुखले, दम कोंडला किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. व्यायामाच्या भरवशावर चालू औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत. इतरांनी मुहूर्ताची वाट न पाहता आज रात्रीच्या जेवणानंतर घरातल्या घरात पंधरा मिनिटे चालावे आणि उद्याही तेवढेच चालावे.