हजूरसाहिब, पण भाड्याचं काय?

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड. रासाईदेवीचं वडगाव अलीकडच्या काठावर. नजर जाईल तिकडे ऊस. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच या पट्ट्यात तोडणीच्या टोळ्या उतरू लागतात आणि आठवडे बाजारांत कोयत्यांना भाव येतो. हे कोयते विकणाऱ्यांत पगडी बांधलेली माणसंही असतात. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्याचा तुकडा भट्टीत लाल करायचा, एकानं सांडशीत धरायचा, दुसऱ्यानं घण घालायचा. भात्यावर घरची बाई. हल्ली भात्याच्या जागी हातानं फिरवायचा पंखा आला आहे. पाणी पाजून झालं की गिऱ्हाईक धारेवरून अंगठा फिरवतं, नाक मुरडतं आणि वीस रुपये कमी करायला लावतं.

शीख म्हटला की ट्रकमालक नाही तर ढाबेवाला, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कोयता विकणारा गरीब शीख समोर असूनही दिसत नाही. हे शिकलगार. गुरु गोविंदसिंगांच्या फौजेची हत्यारं आपल्या पूर्वजांनी घडवली, त्यांना धार लावली, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण. पुढे कारखान्यात बनलेली हत्यारं आली, 1878 साली इंग्रजांचा शस्त्र कायदा आला, आणि तलवारीवरचा हात विळी-खुरप्यावर आला. पंजाबात अनुसूचित जातींच्या 1950 च्या यादीत ज्या चार शीख जाती होत्या त्यांत शिकलगार एक. म्हणजे त्यांची गरिबी सरकारदरबारीही नवी नाही. महाराष्ट्रात पुणे, नांदेड, नगर अशा शहरांच्या कडेला त्यांच्या वस्त्या आहेत. कुठे चोरी झाली की पहिला संशय याच वस्त्यांवर, हेही त्यांच्या रोजच्या जगण्यातलं.

त्यांचं तीर्थ मात्र लांब नाही. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब, आपल्याच नांदेडला, गोदावरीकाठी. 1708 च्या ऑक्टोबरात गुरु गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला, आणि त्याआधी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधवली. संध्याकाळच्या आरतीनंतर गुरूंची म्हणून जपलेली शस्त्रं संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना दाखवतात: तलवारी, ढाल, धनुष्य, बाणांचा भाता. एकेक हत्यार उचलून दाखवलं जातं आणि जयकारा घुमतो. इतर भाविक हात जोडून उभे असतात. लोखंडात हयात गेलेल्या माणसाची नजर मात्र आधी पात्यावर जात असणार, मग मुठीवर. तो आपल्या आजोबा-पणजोबांचं काम बघतो आहे. गरीब कुटुंबांना यात्रेला नेणं म्हणजे पुण्यकर्म, असं सरधोपट बोललं जातं. शिकलगारांच्या बाबतीत तो त्यांचा वारसा त्यांना दाखवण्याचा प्रकार आहे.

आता खर्चाचं बघू. नांदेडला पोहोचल्यावर गरिबाचं काही अडत नाही. लंगर अहोरात्र म्हणावा असा चालू, पंगतीत जात-पात विचारत नाहीत, मुक्कामाला यात्रीनिवास. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पंजाबातले हजारो यात्रेकरू इथे अडकले. महिनाभर त्यांचं खाणं-राहणं गुरुद्वाऱ्यांनी निभावलं. अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसला तर वाटेतल्या स्टेशनांवरही लंगरचं जेवण मिळतं. घोडं अडतं ते निघण्यापाशीच. तिकीट, आणि त्याहून जास्त म्हणजे भट्टी बंद पडल्यावर बुडणारी कमाई. रोज घडवून रोज विकणाऱ्या घरात चार दिवसांची यात्रा म्हणजे चार दिवसांची चूल. म्हणून ज्याला मदत करायची त्यानं लंगरला गव्हाचं पोतं देण्याआधी दौंड स्टेशनच्या तिकीटखिडकीचा विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पोतं देणारे पुष्कळ असतात.

सरकारी योजना आहेत, पण त्या म्हाताऱ्यांसाठी. महाराष्ट्राची 2024 मधली मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना सर्व धर्मांच्या ज्येष्ठांसाठी आहे: वय साठ किंवा पुढे, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, माणशी तीस हजारांपर्यंत खर्च. पंजाब सरकारनं 2023 च्या नोव्हेंबरात अशीच योजना काढली, तिची पहिली गाडी आली नांदेडलाच. चांगलंच आहे. पण आजीला गाडीत बसवून सून-नातवंडांना भट्टीवर ठेवलं तर पुढच्या पिढीला काय दिसलं? शिवाय अर्ज म्हटला की आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला. ज्यांचा बाप गावोगाव फिरत होता त्यांच्या कागदांत नावाची तीन स्पेलिंगं असतात. वस्तीत बसून ते कागद सरळ करून देणारा शिकलेला पोरगा मिळाला तर तीही सेवाच, आणि तिला पैसे लागत नाहीत.

एसटीचा हिशेब कुटुंबाच्या जास्त सोयीचा. 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट, बारा वर्षांच्या आतल्या पोरांनाही अर्धं. आजी फुकट, सून आणि नाती अर्ध्यावर; पूर्ण भाडं घरातल्या बाप्याचंच. रात्रीच्या प्रवासात म्हातारी माणसं आखडतात, एवढीच अडचण. पाय पसरायचे तर दौंडहून पनवेल–नांदेड गाडी. ती कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, परभणी करत जाते. बार्शी लागली की पोरांना उठवावं. ग्रंथसाहिबात ज्यांचं एक पद आहे ते भक्त परमानंद परंपरेनं याच गावचे. नामदेवांची 61 पदं त्या ग्रंथात आहेत हे आपण अभिमानानं सांगतो, 2015 साली नामदेवांच्या पंजाबातल्या घुमानला साहित्य संमेलनही भरवलं. बार्शीचा परमानंद मात्र फार थोड्यांना माहीत.

कधी न्यायचं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. नांदेडचा मोठा सोहळा दिवाळीत. तख्तस्नानाला संगत गोदावरीचं पाणी आणून तख्त धुते, शस्त्रं साफ होतात, आणि गुरुतागद्दीचा, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याचा दिवस येतो भाऊबीजेच्या सुमाराला. 2008 च्या त्रिशताब्दीला याच दिवसांत नांदेड फुलून गेलं होतं. धार लावणाऱ्यांनी तिथे असायला हवं ते याच दिवसांत, आणि नेमका हाच त्यांच्या विक्रीचा हंगाम. ऊसतोडणीच्या तोंडावर विकला गेला नाही तो कोयता वर्षभर पडून राहतो. मदत करणारे उत्साहानं दिवाळीचीच गाडी ठरवतात, घरचे संकोचानं हो म्हणतात आणि आयत्या वेळी निम्मी माणसं गळतात. तेव्हा शिकलगारांना विचारूनच दिवस धरावा. होळी त्यांना बरी पडते. तोवर कोयत्यांचा खप ओसरलेला असतो, नांदेडला होला महल्ला असतो, निहंग योद्ध्यांचे घोडे आणि हल्लाबोल बघायला पोरं एका पायावर तयार. तेव्हा गर्दी अफाट असते, यात्रीनिवासात आधी सांगून ठेवावं लागतं.

आणखी एक गोष्ट, थोडी नाजूक. देणाऱ्याचं नाव छापलेला फलक गाडीला बांधून, त्याखाली बायका-पोरांना उभं करून फोटो काढायची आपल्याकडे हौस दांडगी. शीख रिवाजात कमाईचा दहावा भाग, दसवंध, बाजूला काढायचा असतो, तो भिक्षा म्हणून नव्हे. शिकलगार घरही त्यातून सुटत नाही. म्हणून तिकिटाचे पैसे संगतीच्या गल्ल्यातून जावेत आणि त्या घरानंही झेपेल तेवढे त्यात टाकावेत, मग ते पन्नास रुपये का असेनात. कुणी कुणाला नेलं हा प्रश्नच उरत नाही.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. होळीला निघायचं तर संक्रांतीच्या आगेमागे नावं आणि पैसे हातात हवेत, आणि स्लीपरच्या खालच्या बर्थी म्हाताऱ्यांसाठी आधी मागायच्या.