रंगाविना शिल्प अपुरे

वडोदऱ्याच्या कमाटी बागेत, श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांनी उभारलेल्या संग्रहालयात, इजिप्तची एक ममी आहे. देह टिकविण्याची ती धडपड पाहणाऱ्याच्या मनात घर करते. परंतु देह नष्ट झालाच तर मृताला आधार उरावा, म्हणून त्या लोकांनी थडग्यांच्या भिंतींवर रंगीत शिल्पे कोरली. त्यांच्याविषयी मी आज चार शब्द मांडू इच्छितो.

कैरोजवळच्या तुरा येथील खाणींतून बारीक पोताचा पांढरा चुनखडक निघे. चुनखडकावर काम कसे चाले, हे १९०८ मध्ये सापडलेल्या होरेमहेब राजाच्या अपूर्ण थडग्यात स्पष्ट दिसते : आधी लाल रेषांची आखणी, तीवर काळ्या रेषांची दुरुस्ती, आणि मग छिन्नी. आतील भिंतींवर भोवतालचा दगड उतरवून आकृती उठावात ठेवीत. उन्हातील बाहेरच्या भिंतींवर मात्र आकृती दगडात खोल कोरीत. त्यामुळे प्रखर प्रकाशातही तिची कड सावलीने उठून दिसे.

यानंतर रंग येई. गेरू, पिवळी माती आणि काजळी निसर्गातून मिळत. निळा रंग मात्र वाळू, चुना, तांबे व क्षार भट्टीत तापवून सिद्ध करावा लागे. हा रंग केवळ अलंकार नव्हता. पुरुष तांबूस, स्त्रिया पिवळसर, आणि पुनर्जन्माचा देव ओसायरिस अनेकदा हिरवा, असा त्याचा संकेत होता. पक्ष्याची पिसे, वस्त्राचे काठ आणि चित्रलिपीतील बारकावे कित्येकदा छिन्नीने नव्हे, तर कुंचल्यानेच पुरे होत. म्हणून रंग गेलेले शिल्प मला अर्ध्यावर तुटलेल्या वाक्यासारखे वाटते.

हे आपल्यालाही परके नाही. वेरूळच्या कैलास लेण्याला ‘रंगमहाल’ म्हणत, कारण तेही एके काळी गिलाव्याने व रंगांनी मढलेले होते. उघडा दगड म्हणजेच शुद्ध शिल्प, ही समजूत आपली. त्या कारागिरांची नव्हे.

इजिप्तमधील हे रंग डिंक किंवा सरस घालून कोरड्या पृष्ठावर दिलेले असत. त्यामुळे ओलावा, क्षार आणि माणसांचा स्पर्श हे त्यांचे वैरी होत. सहस्रावधी वर्षे टिकलेला रंग अजाण हाताच्या एका पुसण्याने जाऊ शकतो. विद्यार्थिमित्रांनो, प्राचीन शिल्पासमोर उभे राहाल तेव्हा हात आवरा आणि प्रथम त्याच्या खाचांत पाहा. रंगाचा शेवटचा कण बहुधा तेथेच उरलेला असतो.